बंब भंगारात घालण्याआधी एवढं वाचा

परवा ग्रुपवर तांब्याच्या बंबाचा फोटो आला. खाली बदामांचा पाऊस आणि "गेले ते दिवस!" अरे, कुठं गेले? कमलनगरला आमच्या वाड्यात आजही रोज पहाटे बंब पेटतो. हौस म्हणून नाही, घरात नळ नाही म्हणून.

पाणी आडाचं. आड आटला की टँकरचं, रांजणात भरून ठेवलेलं. असं असताना आमच्या दादानं पुण्याहून गिझर आणला आणि न्हाणीत टांगला. आई म्हणाली, "बाबा, ह्याला पाणी कुठून घालायचं रे?" दादा म्हणाला, वर टाकी बसवू. कुठं? माळवदावर? पाचशे लिटरची टाकी भरली की पाच क्विंटल वजन. आजोबांच्या काळच्या तुळया ते पेलतील का, हे कुणी विचारलंच नाही. गिझर तसाच राहिला. आता त्याच्यावर टॉवेल वाळतो.

मग आला रॉड. लोखंडी बादलीत सोडला, बटण चालू. पाणी तापलं का बघायला आईनं बोट बुडवलं आणि फेकल्यागत मागं पडली. पायात चप्पल होती म्हणून आज आई आहे. आणि त्याच आठवड्यात बंब भंगारवाल्याच्या काट्यावर चढायला निघाला होता! मी आडवा झालो.

बंबाची अक्कल बघा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. नरसाळ्यातून एक घागर थंड ओतली की ते तळाला जातं आणि वरच्या तोटीतून तेवढंच गरम बाहेर येतं. टाकी नको, दाब नको, लाईट नको. दोन मूठ तुराट्या आणि एक बाभळीचा ओंडका बस्स. जितकं घ्याल तितकं आधी घालावं लागतं, म्हणून तो कोरडाही पडत नाही. कोरडा पेटवला तर सांध्याचा डाग वितळतो आणि गळती लागते. मग म्हणायचं, बंब जुना झाला. बंब नाही हो, आपण आळशी झालो.

त्याला लागतं तरी काय? रोज राख काढायची. आठवड्याला काठीला गोणपाट बांधून नळीतली काजळी खरडायची. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, आत क्षार बसतो, मग लाकूड जास्त खातो. म्हणून अधूनमधून चिंचेचं पाणी रात्रभर भरून ठेवायचं, सकाळी उपडा करून खंगाळायचा. सांधा झिरपला तर तांबटाकडून डाग देऊन आणायचा.

कुणी म्हणेल, धुराचं काय? बरोबर आहे. आमच्या आजीचे डोळे फुंकणीनंच गेले, असं मी म्हणतो. पण बंब कोंदट न्हाणीत ठेवला कुणी? आणि "आजीच्या हातचं गरम पाणी" म्हणून गळा काढणाऱ्या किती पुरुषांनी कधी राख काढली? मी बंब अंगणात पत्र्याखाली आणला. आता राख आणि काजळी माझ्याकडं, आईनं फक्त अंघोळ करायची.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आपल्या शेजारीच. तिथं नळ नव्हते का? होते. नळ असणं वेगळं आणि नळाला पाणी असणं वेगळं. २०१९ साली जलजीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटर घरात देऊ म्हणाले. येऊ द्या. पाणी आलं की माळवदाखाली खांब देऊन टाकी मीच बसवीन, गिझरवरचा टॉवेलही मीच काढीन.

तोवर एकच म्हणणं. ज्याच्या घरात नळ नाही, त्यानं बंब विकू नये. आणि ज्यानं ठेवलाय, त्यानं तो आईच्या जिवावर ठेवू नये. फोटोला बदाम नंतर द्या, आधी राख काढा.