बिनविरोध म्हणजे कुणाची संमती?

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की अकोले तालुक्यातही, राजूरपासून प्रवराकाठच्या गावांपर्यंत, तोच सूर ऐकू येतो, 'गावात दुही कशाला? बिनविरोध करून टाकू.'

मैत्रिणींनो, हे 'करून टाकू' म्हणणारे कोण असतात? पारावर बसलेले चार कारभारी. तिथे बायकांना बोलावणं नसतं. असलं, तरी सासऱ्या-दिरांसमोर तोंड उघडायची सोय नसते. मतदानाच्या आडोशात मात्र बाई एकटी असते. तिथे सासरा नाही, सावकार नाही. तिच्या आणि पाटलाच्या मताचं वजन सारखंच. इंग्रजी अमलात मताचा हक्क मालमत्तेवर, शिक्षणावर किंवा नवऱ्याच्या ऐपतीवर ठरत होता. भूमिहीन, निरक्षर बाईला तो मिळाला १९५० च्या राज्यघटनेने.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा आल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. पण त्यांवर कोण बसणार हे पारावरच ठरणार असेल, तर बाईची फक्त सही पंचायतीत जाते.

या 'एकोप्या'ला भावही असतो. २०२० च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, पारनेरच्या तेव्हाच्या आमदारांनी बिनविरोध गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुकाच रद्द कराव्या लागल्या.

कुणी विचारेल, बहुमत तरी कुठे बाईच्या बाजूचं असतं? बहुतेकदा नसतंच. म्हणून नुसती मतमोजणी पुरत नाही. बहुमतालाही ओलांडता येणार नाहीत असे हक्क लागतात, आणि सत्तेला 'चुकलात' म्हणण्याची मोकळीक लागते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मथुरा या आदिवासी मुलीच्या खटल्यात पोलिसांना सोडलं. चार प्राध्यापकांनी न्यायमूर्तींनाच खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. 'देशाला एकच खमक्या माणूस हवा' म्हणणारेही बिनविरोधच मागतात. आणीबाणीत प्रश्न विचारणाऱ्या मृणाल गोऱ्यांना तुरुंगात टाकलं होतं, हे त्यांनी विसरू नये.

तेव्हा ग्रामसभेआधीची महिला सभा कायद्याने घ्यावीच लागते, ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे बोला. आणि कारभाऱ्यांनी नाव ठरवलं असलं, तरी आपल्यातल्या एकीचा अर्ज भरा.