परिचारिकेच्या हाती लेखणी द्या

परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले, त्याचा आनंद जिल्ह्याने केला तो यथायोग्यच होता. परंतु त्याची पहिली तुकडी आंतरवासिता आटोपून बाहेर पडावयास २०२९ साल उजाडेल; आणि तीतील किती डॉक्टर जिंतूरच्या डोंगराळ भागात अथवा सोनपेठ-पालमकडील खेड्यांत बिऱ्हाड थाटतील, याविषयी पैज मारण्यास कोणी धजेल असे आम्हास वाटत नाही. दोष त्या मुलांचा नव्हे. त्यांना वाढविणाऱ्या आपणा पांढरपेशांचा आहे.

मग आज त्या खेड्यांत आहे कोण? गाव जिला ‘सिस्टर’ म्हणते ती. सपाटीच्या प्रदेशात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सरकारी प्रमाण. डॉक्टर असावयाचा तो केंद्रात. उपकेंद्र पूर्वापार आरोग्यसेविकेने चालविले. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आणले. परिचर्येच्या पदवीधर, आणि महाराष्ट्रात आयुर्वेदाचे पदवीधरही, त्यासाठी सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेतात. रक्तदाब, साखर, गर्भवतींची तपासणी ही सारी कामे त्यांच्याकडे. मात्र रक्तदाबाचा रोगी सापडला की पहिली चिठ्ठी लिहिणार केंद्रातला डॉक्टर, नाहीतर ‘ई-संजीवनी’च्या पडद्यावरचा. सिस्टरने चिठ्ठीबरहुकूम गोळ्या मोजून द्यावयाच्या. मास्तराकडे वर्ग सोपवावा आणि खडू हेडमास्तरांच्या कपाटात ठेवावा, तसा हा कारभार! मजूर बाईला केंद्रापर्यंतची खेप म्हणजे बुडालेला रोज आणि वर गाडीभाडे. ती जातच नाही. पुढे अर्धांगवायूचा झटका आला की घरची माणसे कर्ज काढून तिला नांदेडला हलवितात.

अशांच्या हाती औषधे देणे धोक्याचे, असा आक्षेप आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील ३२ व्या कलमाने प्राथमिक उपचारापुरता मर्यादित परवाना देण्याची वाट मोकळी केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरुद्ध देशव्यापी संप केला. खेडोपाडी भोंदू वैद्यांचा सुळसुळाट असता ही भीती अगदीच अनाठायी नाही. पण तिची परीक्षा याच महाराष्ट्रात झालेली आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत साध्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. आरोग्यसेविकांना विशिष्ट परिस्थितीत तेच इंजेक्शन देण्याची मुभा केंद्र सरकारने दिली २०१४ साली. मधल्या पंधरा वर्षांत जी बालके गेली, त्यांचा हिशेब कोणत्या दप्तरात लिहावयाचा?

गडचिरोलीच्या त्या स्त्रियांहून आमची पदवीधर सिस्टर पुष्कळ अधिक शिकलेली आहे. अमेरिकेत परिचारिकांना अशा कामाचे खास शिक्षण १९६५ पासून मिळू लागले. ब्रिटनमध्ये २००६ पासून प्रशिक्षित परिचारिका स्वतः औषधे लिहितात. आपण निदान रक्तदाब, मधुमेह, साधे ताप आणि गर्भवतीचा पंडुरोग एवढ्यांपुरती ठरावीक औषधांची यादी तिच्या स्वाधीन करावी. त्यापूर्वी नव्या महाविद्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात तिला वर्षभर घडवावे. तिच्या चिठ्ठ्या डॉक्टरने दरमहा तपासाव्यात. मात्र गरिबांसाठी स्वस्तातला डॉक्टर म्हणून तिला राबवून घेण्याचा हेतू असेल तर आमचा या योजनेस विरोध राहील. आज ती कंत्राटी आहे, आणि तिच्या मिळकतीचा एक भाग कामाच्या तक्त्यांवर अवलंबून आहे. जबाबदारी कायमची द्यावयाची तर नोकरीही कायमची हवी.

दिवाळीनंतर गंगाखेड-पालमकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. परत येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या स्वतःच्या सहीने बांधून देण्याचा अधिकार सिस्टरला पुढच्या हंगामाआधी मिळावा, एवढे सरकारने प्रथम करावे.