नकाशाच्या काठावरचं गाव

मैत्रिणींनो, सुटी लागली की घरातला संगणक मुलांच्या ताब्यात जातो आणि आपण स्वयंपाकघरातून ओरडत राहतो, हे आता घरोघरचंच झालं आहे. ‘काय ते सारखं ठो ठो लावलंय!’ असं आपण म्हणतो खरं, पण एकदा पदर खोचून मुलाच्या पाठीशी जाऊन उभ्या राहा. पुष्कळदा तिथे बंदुका नसतातच. तिथे चाललेलं असतं नळाच्या पाइपांचं, कचऱ्याच्या गाड्यांचं, घरपट्टीचं आणि निवडणुकीचं राजकारण. म्हणजे आपल्या वॉर्डात रोज चालतं तेच! शहर वसवायचं आणि ते चालवायचं, असे हे खेळ. मी शाळेत अर्धवेळ नागरिकशास्त्र शिकवते, घरी दोन मुलांची आई आहे, आणि माझं तर मत झालं आहे की हे खेळ मुलांपेक्षा आपल्याला लवकर समजतील. महिन्याच्या पगारात दूध, किराणा, फी, औषधं, आहेर आणि सासूबाईंची यात्रा बसवणाऱ्या बाईला नगरपालिकेचं अंदाजपत्रक ते काय जड!

या खेळांची मूळ आजीबाई म्हणजे ‘सिमसिटी’. विल राइट नावाचा अमेरिकन गृहस्थ १९८४ साली बॉम्ब टाकण्याचा एक खेळ तयार करत होता. त्याच्या लक्षात आलं, की शहरं उडवण्यापेक्षा ती मांडण्यातच आपल्याला जास्त गोडी वाटते. त्यातून हा खेळ निघाला. पण छापायला प्रकाशक मिळेना. ज्या खेळात कोणी जिंकत नाही की हरत नाही, तो विकत घेणार कोण? शेवटी १९८९ साली मॅक्सिस या त्याच्याच कंपनीने तो बाजारात आणला आणि जगभर खपला. पुढे २०१५ मध्ये फिनलंडच्या एका लहान कंपनीने ‘सिटीज स्कायलाइन्स’ काढला. सध्या माझा थोरला त्यातच बुडालेला असतो.

खेळ असा: मोकळी जमीन, जवळून एखादी नदी, हातात थोडे पैसे. राहायची वस्ती कुठे, बाजार कुठे, कारखाने कुठे ते तुम्ही आखायचं. रस्ता, वीज आणि पाणी पोहोचलं की लोक आपसूक येऊन घरं बांधतात. कर वाढवला की तिजोरी भरते, पण लोक कुरकुरत गाव सोडतात. कर कमी केला की लोक येतात, पण शाळेला पैसे उरत नाहीत. वीजनिर्मिती केंद्र बांधायचं तर मूळच्या सिमसिटीत कोळशाचं तीन हजारांत होई आणि अणुशक्तीचं पाच हजारांत. सुरुवातीला खिशात पैसे कमी, तेव्हा कोळशाचंच घेतलं जायचं.

आणि इथेच मला आपलं चंद्रपूर दिसू लागलं.

मुलांना या खेळात एक युक्ती माहीत असते. माझ्या चिरंजीवांनी ती मोठ्या अभिमानाने सांगितली. ‘आई, कोळशाचं केंद्र नकाशाच्या अगदी काठावर ठेवायचं. मग अर्धा धूर नकाशाच्या बाहेर जातो, तो मोजलाच जात नाही.’ मी कणीक तिंबत होते. विचारलं, ‘बाहेर जातो म्हणजे कुठे रे जातो?’ तो म्हणाला, ‘कुठे नाही. तिथे काहीच नसतं.’

आता सांगा, आपण राहतो ते ‘काहीच नसलेल्या’ जागीच की नाही? आपल्या शहराला लागून दुर्गापूर-ऊर्जानगरला महाऔष्णिक केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यावरही आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. इरईच्या धरणाचं पाणी त्याला, आजूबाजूच्या खाणींचा कोळसा त्याला. आणि वीज? १९९९ पासून चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक खास वाहिनी गेली आहे. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला मुंबईची उपनगरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथं आलं होतं. असा नंबर आला म्हणून कोणी पेढे वाटत नाही. दोरीवरचे पांढरे कपडे दुपारच्या आत उचलायचे आणि गच्चीवरचे पापड मलमलीखाली वाळवायचे, हे इथल्या नव्या सुनेला कोणी शिकवावं लागत नाही.

कारखाने नकोत असं मी म्हणत नाही, बरं का. याच कोळशावर आणि बल्लारपूरच्या कागदावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, आमच्या नात्यातल्यासुद्धा. पण चिरंजीवांना मी एवढंच सांगितलं, की तुझ्या नकाशाच्या काठापलीकडे एक वही ठेव आणि तिथे कोण राहतं ते लिही. त्याने तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. आता त्या वहीत एक पूर्ण गाव वसलं आहे. त्यात एक शाळा आहे आणि खोकणारी एक आजी आहे.

शहर वसवण्यात बायकांचं काय काम, असं कोणी म्हणालं तर त्याला आपल्या गावाची दंतकथा सांगा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी-फोड होते. झरपट नदीच्या डोहातल्या पाण्याने ते बरे झाले. पुढे तिथेच त्याने एक नवल पाहिलं: ससा कुत्र्याच्या मागे धावतो आहे! घरी येऊन राणीला सांगितलं. राणी शहाणी होती. ही जागा शुभ आहे, ससा जसा धावला त्या वाटेने कोट बांधा आणि आत नगर वसवा, असं तिने सुचवलं म्हणतात. दंतकथा ती दंतकथा, पण जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा कोट आजही उभा आहे. आणि नगररचनेचा पहिला सल्ला लोकांनी राणीच्या तोंडी घातला, हे मला फार आवडतं.

तिकडे अमेरिकेत या खेळावरून एक खरीखुरी गंमत घडली. १९९० साली प्रॉव्हिडन्स शहरात महापौरपदाची निवडणूक होती. तिथल्या वर्तमानपत्राने सगळ्या उमेदवारांना सिमसिटी खेळायला बसवलं आणि कोणाचं शहर कसं चाललं ते छापून टाकलं. एका उमेदवारबाईंचा खेळ फसला. पुढे पक्षांतर्गत फेरीत त्या थोडक्यात हरल्या, आणि त्याचा दोष त्यांनी त्या बातमीला दिला. मला वाटतं, त्यांचं अगदीच चुकलं नसावं. खेळात शहर चालवणं आणि खऱ्या माणसांपुढे उभं राहून शिव्या खाणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

सिमसिटीत तर समोर माणूसच नसतो. पुढच्या खेळांनी मात्र राजकारण आत आणलं. २००१ साली आलेल्या ‘ट्रॉपिको’त तुम्ही एका बेटाचे सर्वेसर्वा. भांडवलवाले, साम्यवादी, धर्माचे अभिमानी, लष्करवाले, असे गट. एकाला गोंजारलं की दुसरा रुसतो. निवडणूक घ्या, नाहीतर मतं फिरवा. परदेशी बँकेत गुपचूप पैसे साठवायचीही सोय आहे! सासर-माहेर दोन्ही सांभाळलेल्या बाईला यातलं नवं काहीच नाही, बँकेचं खातं सोडून. २०१७ च्या ‘अर्बन एम्पायर’मध्ये तर महापौरालाही प्रत्येक ठराव नगरपरिषदेत मतांना टाकावा लागतो. पक्षांची मनधरणी, कुठे दटावणी. मुलाला हा खेळ ‘बोअर’ वाटला. मला वाटला नाही.

सगळ्यात अंगावर आला तो पोलंडच्या कंपनीचा ‘फ्रॉस्टपंक’, २०१८ चा. सारं जग गोठलेलं, मध्यभागी कोळशावर धगधगणारं यंत्र, भोवती मूठभर माणसं. कोळसा कमी पडला की लोक गारठून मरतात. आणि अगदी सुरुवातीलाच कायदा करायची वेळ येते: लहान मुलांना कामाला लावायचं, की त्यांच्यासाठी निवारा बांधायचा? आमच्या मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, तरी तो खेळ बघताना मला हुडहुडी भरली. तुमचं मूल काय निवडतं ते जवळ बसून बघा. आणि ‘का?’ म्हणून विचारा. माझ्या मुलाने मुलांना कामाला लावलं, कारण कोळसा मोजून बघितला होता. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोलत होतो. हा खेळ मोठ्या मुलांसाठीच आहे. पाचवी-सहावीच्या पोराला देऊ नका.

दिवाळीत माझी नणंद आली होती. तिला दिलंय गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. ग्रामपंचायतीची सदस्य आहे. भाचा मोठ्या कौतुकाने आत्याला शहर दाखवत होता. रस्ता रुंद करायला त्याने एक बटण दाबलं आणि घरांची रांग पुसून टाकली. ती म्हणाली, ‘बाबू, या घरवाल्यांना विचारलं का?’ तो म्हणाला, ‘विचारायचं बटणच नाही, आत्या.’ तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘वहिनी, या खेळात ग्रामसभा कुठं आहे?’

तिच्याच तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो, बायांच्या म्हणण्यासकट. आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, मग सभेत बोलायचं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांपैकी. २०११ मध्ये आपला बांबू वाहून न्यायचे पासही ग्रामसभेच्याच हाती आले. वेळ फार लागतो म्हणून असा खेळ कोणी काढणार नाही. एकेक ठराव महिनोन्महिने चालेल. पण मग घर पुसलं जाणार नाही.

शहरवासी बायांनो, आपलीही स्थिती बघा. स्थानिक स्वराज्य संस्थांत बायांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत. त्याच वर्षी चंद्रपूरची नगरपालिका महानगरपालिका झाली. पण २०२२ मध्ये मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक महापालिकांचा कारभार काही वर्षं एकटे प्रशासकच पाहत होते. सभागृह नाही, नगरसेविका नाही, वर एक माणूस आणि खाली नकाशा. सिमसिटीच की! त्या काळात पाइप फुटला तर आम्ही गल्लीतल्या बाया नेमक्या कोणाच्या दारात जायचं तेच ठरवत बसत होतो. नवा कारखाना किंवा खाण वाढायची असली तर पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते. रद्दी घालण्याआधी ते पान बघत जा. बोलायला जमलं नाही तर लेखी हरकत देता येते, आणि त्याला वकील लागत नाही.

आता घरातलं थोडं. मोबाइलवरच्या ‘फुकट’ शहरांपासून सावध राहा. २०१४ साली आलेल्या सिमसिटीच्या मोबाइल अवतारात इमारत लवकर पूर्ण व्हायला खऱ्या पैशांची नाणी विकत घेता येतात, आणि थांबायचा कंटाळा आला की मूल तेच बटण दाबतं. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका, कार्ड फोनमध्ये साठवून ठेवू नका आणि खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करून घ्या. संगणकावरचा, एकदाच पैसे देऊन घेतलेला खेळ त्यापेक्षा बरा. वेळ घड्याळाने न बांधता खेळातल्या वर्षांनी बांधा: ‘आज दोन अंदाजपत्रकं झाली की बंद.’ मध्येच उठवलं तर पोरं चिडतात. अर्ध्या भाजणीवरून आपल्याला कोणी उठवलं तर आपणही चिडतोच. धाकटीला, म्हणजे मुलीलाही, खुर्ची मिळते का तेवढं बघा. आमच्याकडे आता सोमवार-गुरुवार तिचे आहेत. तिच्या शहरात कारखाना नाही, तिजोरी रिकामी आहे आणि तीन तळी आहेत. कर वाढवायला ती तयार नाही. कर्ज काढावं का, असं ती मला विचारते आहे, आणि व्याजाचा दर काय आहे ते आधी बघ, असं मी तिला सांगितलं आहे.