अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला आणि चोरदरवाजा सापडला!

सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं. पण मार्च २०२४ मध्ये डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी याचा पिच्छा पुरवला आणि लिनक्समध्ये फाइल लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या टूलमध्ये त्यांना चोरदरवाजा सापडला.

‘जिया टॅन’ नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून तो बसवला होता. हे टूल मुख्यतः एकच स्वयंसेवक, तोही विनामोबदला, सांभाळत होता. तो थकला आणि तिथेच शिरकाव झाला.

सुदैवाने बहुतेक सर्व्हरपर्यंत ही आवृत्ती पोहोचली नव्हती. पण अशाच फुकटच्या कोडवर आपली रोजची ॲप्स चालतात. तो सांभाळणाऱ्यांना पैसा आणि मदत कोण देणार?