दोनशे फुटांचा कायदा



चौका लावायचा ठरला की पहिला प्रश्न तांदळाचा किंवा तुपाचा नसतो, विहिरीचा असतो. महाराजांच्या आहाराला बोअरचं पाणी चालत नाही. जुन्याजाणत्यांना कारण ठाऊक आहे, नव्या सुनांसाठी लिहिते. पाणी गाळल्यावर गाळण्यात जे राहतं ती जिवाणी. जिथलं पाणी तिथेच ती परत जायला हवी, तीही वरून फेकून नाही, कडीच्या बादलीने पाण्यापर्यंत अलगद नेऊन. सहा इंची पाइपातून चारशे फूट खाली ती कशी नेणार? म्हणून विहीर लागते. आणि आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पाणी असलेली उघडी विहीर सापडणं आता नशिबाची गोष्ट झाली आहे.

पाऊस कमी झाला, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. आपल्या राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. या दगडात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये. आपल्या आज्यांच्या काळातल्या चाळीस-पन्नास फुटी विहिरी याच थरावर जगत होत्या. त्याच्या खाली पाणी थोडं, आणि एकदा उपसलं की भरायला फार वेळ लागतो. शेजारच्या रानात पाचशे फुटांचं बोअर गेलं की ते वरच्या थरातलं पाणीही भेगांमधून खाली ओढू शकतं. विहीर कोरडी पडते आणि आपण आभाळाकडे बघत बसतो.

पाऊसही बदललाय, ते नाकारता येणार नाही. झिमझिम पाऊस आठ-आठ दिवस चालायचा, तो जमिनीत मुरायचा. आता महिनाभर उघडीप आणि मग दोन दिवसांत ढगच रिकामे. असं पाणी कातळावरून वाहून ओढ्याला जातं, मुरत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडालं. दहा महिन्यांचं अंतर! एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे आमच्या मिरजेतूनच सुटली होती. घागरभर पाणी साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने जातं, याचं तेव्हा कौतुक झालं. मला तरी ते कौतुकाचं वाटलं नाही.

या सगळ्यावर कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. इंग्रजांच्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या हातात दिलं. ज्याचं रान त्याचं पाणी, कितीही उपसा. 1993 मध्ये राज्याने पहिला बांध घातला: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर परवानगीशिवाय नको. मग आला 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम, जो 1 जून 2014 पासून लागू झाला. त्यात शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, किंवा त्याहून खोल विहीर खोदायला बंदी आहे. विहिरींची नोंद करायची आहे. बोअरच्या गाडीवाल्यानेही नोंदणी करायची आहे. अधिसूचित क्षेत्रात पाण्याप्रमाणे पिकांचा आराखडा करायचा आहे.

आता तुमच्या गावात शेवटचं बोअर किती फूट गेलं ते आठवा. आमच्याकडे पाणाड्या येतो, तळहातावर नारळ उभा राहतो, रात्री गाडी येते आणि सकाळी आकडा सांगितला जातो तो सातशेच्या पुढचाच. सातशे फूट ही लपवायची गोष्ट राहिलेली नाही, चहाच्या टपरीवर मोठेपणाने सांगायची झाली आहे. दोनशे फुटांचा कायदा आहे हे किती जणांना माहीत आहे, हे मी आमच्या महिला मंडळात विचारलं. एकही हात वर आला नाही. पैकी दोघींच्या घरचे ग्रामपंचायतीत आहेत.

काहीजण म्हणतील, शेतकऱ्याला कशाला कायद्यात अडकवता, त्याचं पीक वाळतंय. बरोबर आहे. ज्याची द्राक्षबाग पाण्यावाचून जळतेय त्याला दंडाची भीती दाखवून काही होणार नाही, तो कर्ज काढून तिसरं बोअर मारणारच. म्हणून माझं म्हणणं असं की कायद्याची धार शेतकऱ्यावर नको, गाडीवर हवी. गाव भरून विहिरी असतात, पण तालुक्यात येणाऱ्या बोअरच्या गाड्या मोजता येतात. ती गाडी लपवता येत नाही, तिचा आवाज दोन गावं ऐकतात. नोंदणी नसलेली गाडी उभी करू द्यायची नाही आणि प्रत्येक बोअरची खोली लिहून द्यायला लावायची, एवढं जरी झालं तरी पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट हिशोबाची. कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटताना बच्छावत लवादाने 1894 पासूनच्या 78 वर्षांच्या प्रवाहाचे आकडे धरले आणि चारपैकी तीन वर्षं मिळेल एवढं पाणी, 2060 टीएमसी, वाटून टाकलं. महाराष्ट्राला 560 आले. तेव्हा ते योग्यच होतं. पण ज्या पावसाने ते आकडे दिले तो पाऊस तसाच राहिलेला नाही, आणि आपण अजून जुन्याच सरासरीवर धरणं, कालवे आणि ऊस बेततो आहोत. कोणती बाई गेल्या तीस वर्षांच्या सरासरी पगारावर या महिन्याचा किराणा भरते?

हिवरे बाजारने नेमकं बाईसारखं केलं. तिथे पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजतात, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात, आणि उरेल त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पोपटराव पवारांना 2020 ची पद्मश्री मिळाली म्हणून सगळे त्यांचं नाव घेतात, पण बोअर बंद करायचं म्हटलं की त्याच लोकांचा आवाज खाली जातो. आपल्या समाजातही उसाचे आणि द्राक्षाचे बागायतदार कमी नाहीत, हे मी लिहिते आहे कारण उद्या माझ्याच नात्यातला कोणीतरी फोन करणार आहे. करू दे.

आपण घरात पाणी मोजून वापरतो, गाळून पितो. ते करावंच. पण घरात वाचवलेली बादली आणि सातशे फुटांवरून रात्रभर उपसलेलं पाणी यांची बरोबरी होत नाही. नियमाचं गाळणं घराबाहेरही लागतं, आणि ते लावायचा हक्क आपल्याला आहे. ग्रामसभेत बाईला बोलता येतं, ठराव मांडता येतो.

15 ऑगस्टची ग्रामसभा चुकवू नका. तिथे तीन गोष्टी विचारा: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत गेल्या पाच वर्षांत किती बोअर झाली, त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे, आणि ज्या गाड्या आल्या त्यांची नोंदणी कोणी पाहिली. उत्तर लेखी मागा. काय मिळालं ते मला कळवा, नाही मिळालं तर तेही कळवा.