विवाहाची नोंद व आमची बेफिकिरी

हजार रुपये उसने देताना कागद करून घेणारा आमचा व्यापारी पोटची मुलगी देताना मात्र कागद विसरतो, यास काय म्हणावे? महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यान्वये वधूवरांनी ३ साक्षीदारांसह ९० दिवसांत विवाह नोंदवावयाचा आहे. शेंद्र्यासारख्या गावी ही नोंद ग्रामपंचायतीतच होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांस नोंदणी सक्तीची करण्यास फर्माविले. नोंदीवाचून लग्न रद्द ठरत नाही, हे खरे. परंतु नवऱ्याने टाकल्यास वा तो निवर्तल्यास पत्नीपणाचा पुरावा त्या अबलेनेच धुंडावा काय? कारखान्यांमुळे माणसे येती-जाती झालेल्या या गावी आजचे साक्षीदार उद्या सापडावयाचे कोठे? वऱ्हाड पांगण्यापूर्वीच सह्या घ्या, एवढेच आमचे सांगणे आहे.