शार्दूल 'संपला' की 'घरी आला'? नाक्यावरच्या भांडणात माझेही चार शब्द

शनिवारी संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला थांबलो आणि तासभर अडकलो. विषय एकच. आपला शार्दूल ठाकूर लखनौकडून ट्रेड होऊन मुंबई इंडियन्समध्ये आला. किंमत दोन कोटी.

एका बाजूला गॅरेजवाले भाऊ. त्यांचं म्हणणं, "पालघरचा पोरगा शेवटी घरी आला. जिगरवाला आहे तो. वानखेडेवर बघा आता काय करतो." दुसऱ्या बाजूला आमचे शाळेतले सर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आकडे तोंडपाठ. ते म्हणाले, "भाऊ, चौतीस वर्षांचा झालाय तो. गेल्या हंगामात षटकामागे अकरा धावा दिल्यात. जिगर काय चाटायचीये?"

मला दोघांनी पंच नेमलं, कारण मी पत्रकार. पत्रकाराला क्रिकेटमधलं कळतं हा आपल्याकडचा जुना गैरसमज. तिथे मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर विषय डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. मोठं झालंय, सवडीने वाचा.

आधी सरांच्या बाजूने, कारण त्यांचे आकडे खोटे नाहीत. २०२५च्या आयपीएलमध्ये शार्दूल १० सामने खेळला, १३ बळी घेतले, आणि षटकामागे अकराच्या आसपास धावा दिल्या. त्याच्या आधी २०२४ला चेन्नईकडून ९ सामन्यांत ५ बळी. त्याच्याही आधी २०२३ला कोलकात्याकडून ११ सामन्यांत ७. तीन हंगाम सलग असे गेले की कोणताही संघमालक वही उघडून बसणारच. २०२२ला दिल्लीने १० कोटी ७५ लाख मोजले होते. २०२४ला चेन्नईने ४ कोटी. नोव्हेंबर २०२४च्या जेद्दाहच्या मोठ्या लिलावात मूळ किंमत २ कोटी ठेवूनही कुणी हात वर केला नाही. मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौने ऐनवेळी बोलावलं, नाहीतर तो हंगाम घरी बसून, किंवा इंग्लंडात एसेक्सकडून काउंटी खेळण्यातच जाणार होता.

हे सगळं खरं आहे. पण सरांना मी एक विचारलं नाही, ते इथे विचारतो. किंमत पडली ती फक्त गोलंदाजीमुळे का?

२०२३पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. म्हणजे बारावा माणूस मधेच घ्यायचा. गोलंदाज हवा तेव्हा गोलंदाज, फलंदाज हवा तेव्हा फलंदाज. त्या दिवसापासून आठव्या क्रमांकावर येऊन वीस चेंडूंत पस्तीस काढणाऱ्या आणि तीन षटकं टाकणाऱ्या माणसाची गरजच संपली. रोहित शर्मानेही हा नियम आवडत नसल्याचं जाहीरपणे सांगितलंय, अष्टपैलूंचं नुकसान होतं म्हणून. शार्दूलची अर्धी कमाई बॅटची होती. २०२३ला ईडनवर बंगळूरुविरुद्ध कोलकाता ५ बाद ८९ असताना आत येऊन २९ चेंडूंत ६८ मारले होते त्याने. आता त्या जागी पूर्णवेळ फलंदाज येतो. दुकान तेच, माल तोच, पण समोरचा रस्ताच बंद झाला तर गल्ला कसा भरणार?

आता भाऊंची बाजू. तिच्यावर माझा राग जास्त आहे, कारण ती प्रेमाची आहे.

'जिगर' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. ज्याच्याकडे आकडे नसतात त्याला आपण जिगर चिकटवतो. वर ते 'लॉर्ड शार्दूल' प्रकरण. सुरुवातीला गंमत होती, पुढे त्याची मस्करीच झाली. चौकार बसला तरी लॉर्ड, विकेट मिळाली तरी लॉर्ड. माणूस नेमकं काय करतो ते बघायची गरजच उरली नाही.

म्हणून नेमकं काय ते बघू. जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. त्याआधी त्याच्या नावावर एकच कसोटी, २०१८ची हैदराबादची, आणि तीही दहा चेंडू टाकून दुखापतीने संपलेली. इथे भारत ६ बाद १८६. त्याने ६७ आणि वॉशिंग्टन सुंदरने ६२ केल्या, सातव्या विकेटसाठी १२३ धावा जोडल्या. त्या सामन्यात शार्दूलचे बळी सात. ऋषभ पंतचा शेवटचा चौकार सगळ्यांच्या लक्षात आहे, पण ती भागीदारी नसती तर शेवटच्या दिवशी पाठलाग करायला तेवढा सामनाच हातात उरला नसता. त्याच वर्षी ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं, आणि पाचव्या दिवशी रूटचा बळी. पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत ७. दक्षिण आफ्रिकेत भारतीय गोलंदाजाची ती सर्वोत्तम कामगिरी. २०२१च्या आयपीएल हंगामात चेन्नईकडून २१ बळी, आणि अंतिम सामन्यात कोलकात्याची सलामी जोडी जमलेली असताना एका षटकात दोन.

यात एक गोष्ट समान दिसते का बघा. सामना हातातून निसटत असतो तेव्हा हा माणूस काहीतरी वेगळं करून बघतो. नकल बॉल टाकेल, आखूड टाकेल, बाहेर रुंद टाकेल. त्यात मार बसतोच. वेग १३०च्या आसपास, फसलेला चेंडू थेट गॅलरीत. म्हणजे त्याचे बळी आणि त्याने दिलेल्या धावा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच सवयीतून आलेल्या आहेत. भाऊ फक्त बळी बघतात, सर फक्त धावा.

आणि ज्याला लढाऊपणा म्हणायचं तो मला आयपीएलमध्ये दिसलाच नाही, तो दिसला रणजीत, जिथे कॅमेरेही धड नसतात. जून २०२४मध्ये घोट्याची शस्त्रक्रिया. नोव्हेंबरमध्ये लिलावात कुणी घेतलं नाही. त्या रणजी हंगामात त्याच्या ५०५ धावा आणि ३५ बळी. जानेवारी २०२५ला बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईच्या संघात रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस, दुबे सगळे. पहिल्या डावात मुंबई १२०, त्यात शार्दूलच्या ५१. दुसऱ्या डावात ७ बाद १०१ वरून ११९. सामना मुंबई हरली, म्हणून तुमच्या लक्षात नाही. लिलावात न विकलेला माणूस, समोर सगळे कोट्यधीश बाद होऊन परतलेले, आणि हा खेळतोय. पुढे २०२५-२६च्या हंगामासाठी त्यालाच मुंबईचा रणजी कर्णधार नेमलं.

पण इथेही मला एक खटकतं. ऑक्टोबर २०२४च्या इराणी करंडकात तो लखनौमध्ये १०२ ताप असताना फलंदाजीला उतरला आणि नंतर रुग्णालयात दाखल झाला. तेव्हा सगळ्या ग्रुपवर 'याला म्हणतात वाघ' फिरत होतं. माफ करा, मला त्यात वाघ दिसला नाही. घोट्याची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झालेला, तापलेला एक माणूस दिसला, ज्याला 'आज बसतो' म्हणणं परवडत नव्हतं. याच शार्दूलने मार्च २०२४ला रणजी उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध शतक ठोकल्यावर स्पष्ट सांगितलं होतं की सामन्यांमध्ये तीन-तीन दिवसांचं अंतर ठेवून हंगाम खेळवला तर पोरं जखमी होतील. शतकाच्या दिवशी स्वतःचं कौतुक करून घ्यायचं सोडून वेळापत्रकावर बोलला. ती खरी जिगर. तिचे मीम्स मात्र आपण केले नाहीत.

आता ट्रेडबद्दल. टपरीवर एक रिक्षावाला दादा मधेच म्हणाला, "म्हणजे बैलासारखं विकतात का हो?" अगदी तसं नाही. आयपीएलच्या नियमात खेळाडूची संमती लागते. अमेरिकेत बेसबॉलमध्ये बहुतेकांना तेवढीही मुभा नसते. एक क्लब दुसऱ्याला खेळाडू देऊन टाकतो आणि त्याला फोन येतो, सामान बांध. करारात वेगळं कलम असेल, किंवा लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच क्लबमध्ये काढली असतील, तरच नकार देता येतो. जस्टिन व्हरलँडर नावाच्या पिचरकडे तो हक्क होता. तेरा हंगाम डेट्रॉइटमध्ये काढलेला माणूस. ऑगस्ट २०१७च्या शेवटच्या रात्री, मुदत संपायला काही मिनिटं असताना त्याने ह्यूस्टनला जायला होकार दिला. वय? चौतीस. तिथल्याही नाक्यांवर तेव्हा हाच वाद, वेग गेला, आता काय उरलंय. ह्यूस्टनकडून उरलेल्या पाच सामन्यांत पाच विजय आणि मग विजेतेपद. पुढे २०१९ आणि २०२२ला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला, दुसऱ्या वेळी एकोणचाळिसाव्या वर्षी. (त्या २०१७च्या ह्यूस्टनचे फलंदाज प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते हे पुढे चौकशीत निघालं, तो वेगळा विषय.)

हे उदाहरण मी भाऊंना खूश करायला देत नाहीये. व्हरलँडर हा पहिल्या फळीचा पिचर होता, शार्दूल तसा कधीच नव्हता. चौतीस हा आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही, एवढंच.

संमतीवरून एक घरचं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी ज्या दैनिकात होतो तिथून मला दीडशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या आवृत्तीत हलवलं. संमती विचारली होती. म्हणजे मेल आला होता, 'आपली हरकत नसावी.' हरकत घेतली असती तर काय झालं असतं ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. इकडचे सहकारी म्हणाले, "गेला बिचारा, संपला." तिकडचे म्हणाले, "तिकडे चालला नाही म्हणून इकडे पाठवला." दोन्हीकडच्यांनी माझी एकही बातमी वाचली नव्हती. अकरा महिने काढले, सोडली नोकरी, आता तुमच्यासमोर फेसबुकवर लिहितोय. म्हणून कुणाबद्दल 'संपला' ऐकलं की माझे कान जरा तापतात, हे मान्य करून टाकतो. पंच पक्षपाती आहे.

शार्दूलचा हा तिसरा ट्रेड. २०१७ला पंजाबकडून पुण्याकडे, मग दिल्लीकडून कोलकात्याकडे, आता लखनौकडून मुंबईकडे. इतकं खेळूनही या ट्रेडआधी मुंबई इंडियन्सकडून तो एकही सामना खेळलेला नव्हता. उलट १२ मे २०१९ आठवतंय? हैदराबादची फायनल, चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या, स्ट्राइकवर शार्दूल, समोर मलिंगा. पायचीत. मुंबई एका धावेने जिंकली. बोईसरच्या निम्म्या घरांत त्या रात्री फटाके फुटले आणि निम्म्या घरांत लोक गप्प बसले, कारण हरला तो आपला पोरगा होता. आमच्या घरात तर दोन्ही झालं. तोच मलिंगा गेल्या हंगामात मुंबईचा गोलंदाजी प्रशिक्षक होता.

'घरी आला' हे ऐकायला गोड आहे, पण जरा नीट बघा. तो लहान असताना विरारच्या पुढे लोकलच नव्हती, ती डहाणूपर्यंत आली २०१३ला. शटल आणि मेल गाड्यांच्या दारात किट बॅग सांभाळत जायचं. तारापूरच्या शाळेकडून खेळताना दिनेश लाड सरांनी त्याला हेरलं आणि बोरिवलीला शाळेत घातलं. रोजचा प्रवास जमणार नाही म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. म्हणजे पालघरच्या पोराला क्रिकेटर व्हायला पालघर सोडावं लागलं. २०१४ला जिल्हा झाला आपला. आज बोईसरमधल्या पोराला लेदर बॉलवर रोज सराव करायचा तर तो कुठे जातो? विचारा जरा त्याच्या आईला, सकाळी कितीची गाडी पकडतो ते. शार्दूल वानखेडेवर आल्याचा आनंद मलाही आहे, पण वानखेडे इथून शंभर किलोमीटरवर आहे.

माझा अंदाज विचाराल तर सांगतो, चुकलो तर मे महिन्यात येऊन शिव्या घाला. बुमराह, बोल्ट, दीपक चहर असताना शार्दूल रोज खेळणार नाही. पाच-सहा सामने मिळतील. वानखेडेच्या छोट्या सीमारेषा आणि रात्रीचं दव, त्यात दोनदा तरी चार षटकांत पन्नास जातील आणि सर मला फोन करतील. एखाद्या सामन्यात जमलेली जोडी फोडेल आणि भाऊ फोन करतील. दोन कोटींत एवढं मिळत असेल तर मुंबईचा सौदा वाईट नाही. फक्त त्याला नव्या चेंडूवर जसप्रीतच्या जागी उभं करून बघू नका, आणि आठव्या क्रमांकाला पाठवणार नसाल तर निदान तशी अपेक्षा ठेवू नका.

सर आणि भाऊंची पैज लागलीये. पंधरा बळींच्या वर गेला तर सर टपरीवर सगळ्यांना वडापाव देणार, खाली राहिला तर भाऊ सरांच्या स्कूटरची सर्व्हिसिंग फुकट करणार. टपरीवाल्या काकांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. स्कूटरची अवस्था बघता सर हरले तरी भाऊंना ती हातात घ्यावीच लागेल असं दिसतंय.

तुमचं काय म्हणणं, खाली लिहा. फक्त 'लॉर्ड' एवढंच लिहून जाऊ नका.